पंडिता रमाबाईंचं पहाटेचं पान

मैत्रिणींनो, आमच्या किन्हीराजाच्या जुन्या घराला समोर ओसरी होती आणि ओसरीला लागून एक खोली. ती खोली बाबा भाड्यानं देत. 1984 साली मी सातवीत होते. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आमचं गाव अकोला जिल्ह्यात मोडायचं. त्या वर्षी गावच्या दवाखान्यात एक नर्सबाई बदलून आल्या आणि आमच्या खोलीत राहायला आल्या. एकट्याच होत्या, धर्मानं ख्रिस्ती. गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, मीही सिस्टरच म्हणायचे.

पहाटे पाचला त्यांच्या खोलीत दिवा लागायचा. हवा यावी म्हणून दार उघडंच असायचं. काळ्या पुठ्ठ्याचं एक जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन त्या वाचत बसायच्या. रोज एक पान, फार तर दीड. वाचायच्या मराठीतच, हळू आवाजात. मग एका वहीत दोन ओळी लिहायच्या आणि कामाला लागायच्या. मी एकदा विचारलं की रोज काय लिहिता, तर म्हणाल्या, जे वाचलं त्यातलं आज काय करायचं ते लिहिते. नुसतं वाचून पुस्तक मिटलं तर ते पुस्तकातच राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच वेळी माय अंगणात सडा टाकत असायची. मायला अक्षरओळख नव्हती. पण सिस्टरचं वाचन सुरू झालं की तिचा हात मंदावायचा. एकदा तर बादली खाली ठेवून ती उभीच राहिली. काय ऐकतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, एका बाईची गोष्ट चालू आहे, विहिरीवरची.

आठ-पंधरा दिवसांत आळीत कुजबुज सुरू झाली. ही बाई तुमच्या घरच्यांना बाटवेल, असं कुणीतरी आजीच्या कानात घातलं. आजीनं मला निरोप घेऊन पाठवलं की वाचायचं तर दार लावून वाचत जा. मी जाऊन सांगितलं. सिस्टर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दार बंद झालं आणि मायचा सडा पुन्हा लवकर आटपायला लागला. दोन वर्षांनी सिस्टरची बदली झाली. ती गोष्ट मी विसरूनही गेले.

पुढे लग्नानंतर वाचनालयातून पंडिता रमाबाईंचं चरित्र हाती आलं. शाळेच्या धड्यामुळे त्यांचं नाव तेवढं माहीत होतं. पण त्यात 1893 सालची, उघड्या दाराची हकिगत वाचली आणि मला आमची ओसरी आठवली. तेव्हापासून ही बाई माझ्या मनातून गेलेली नाही. आज तिच्याविषयीच सांगायचं आहे.

आईची शिकवणी

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी एक भलतंच काम केलं, ते म्हणजे बायकोला संस्कृत शिकवलं. त्या काळी हा गुन्हाच होता. धर्मपीठाकडून विचारणा झाली, तेव्हा शास्त्रीबुवांनी शास्त्रांतलेच आधार काढून दाखवले की बाईला संस्कृत शिकवण्यात पाप नाही. तरी लोकांचा जाच नको म्हणून की काय, ते सह्याद्रीच्या रानात गंगामूळ इथे जाऊन राहिले. तिथेच रमाबाई जन्मल्या. त्या सहा महिन्यांच्या असताना घराला ते रान सोडावं लागलं. वेताच्या पेटीत घालून, एका माणसाच्या डोक्यावरून ही पोर डोंगर उतरली. तेव्हापासून तीर्थयात्रा आणि पुराण सांगणं हाच घरचा संसार झाला.

वडील म्हातारे झाले होते, म्हणून रमाबाईंना शिकवलं ते आई लक्ष्मीबाईंनी. घरात दिवसभर काम. त्यामुळे शिकवणी पहाटे, अंधारात. झोपलेल्या लेकीला आई जवळ घेऊन उठवायची आणि श्लोक म्हणून घ्यायची. पक्षी किलबिलायला लागले की शिकवणी संपली, आई कामाला लागली. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना पाठ होते म्हणतात, ते या पहाटांमुळे. आपल्याकडेही पहाटेचा तेवढाच तास बाईचा स्वतःचा असतो. चूल पेटली की तो संपतो. रमाबाईंचा पुढचा सगळा प्रवास मला त्या तासातून निघालेला वाटतो.

एक गोष्ट मात्र वडिलांनीही केली नाही. बायको-मुलीला संस्कृत दिलं, पुराणं दिली, पण वेद दिले नाहीत. तेवढी रेघ त्यांनाही ओलांडता आली नाही.

स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं

मग दुष्काळ आला. आई-वडील आणि थोरली बहीण, तिघंही उपासमारीनं गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चार हजार मैल पायी हिंडली असं रमाबाईंनीच नोंदवलं आहे. 1878 मध्ये ती कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्याला दोन गोष्टी घडल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिला विचारलं की वेद वाचलेस का. बाईला तो अधिकार नाही, असं तिनं सांगितलं. तेव्हा त्यांनी वेदाची एक प्रत तिच्या हाती दिली. दुसरं असं की पडद्यातल्या बायकांना स्त्रीधर्मावर व्याख्यान द्यायचं म्हणून तिनं धर्मशास्त्रं मुळातून वाचायला घेतली. आजवर दुसऱ्यांनी सांगितलेलं ऐकलं होतं, आता स्वतः वाचलं. ग्रंथाग्रंथांत मतभेद पुष्कळ सापडले. पण स्त्री आणि शूद्र यांच्यासाठी मोक्षाचा दरवाजा लावलेला आहे, यावर मात्र बहुतेकांचं एकमत तिला दिसलं. इथे तिच्या श्रद्धेला पहिला तडा गेला. हे वाचून तुम्हा-आम्हाला पटो न पटो, तिनं ते कुणाच्या सांगण्यावरून म्हटलं नाही, वाचून म्हटलं.

1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिनं बिपिन बिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. 1881 च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. चोवीस वर्षं पुरी व्हायच्या आत वैधव्य आणि पदरात दहा महिन्यांची मुलगी. नवऱ्याच्या पुस्तकांत तिला लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती, ती तिनं तेव्हाच वाचली होती. बायबलशी तिची ओळख झाली ती अशी, घरातल्या कपाटात.

विहिरीवरची बाई

पुण्याला येऊन तिनं आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे मुलींच्या शिक्षणासाठी आणि बायकांना स्त्री डॉक्टर मिळावी म्हणून साक्ष दिली. 1883 मध्ये ती इंग्लंडला गेली. इच्छा होती डॉक्टर व्हायची, पण ऐकायला कमी येऊ लागलं होतं, ते जमलं नाही. वाँटेज गावातल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात ती राहिली. समाजानं वाईट ठरवलेल्या बायकांना त्या भगिनी आश्रय देत होत्या, त्यांच्याशी मायेनं बोलत होत्या. हे कशामुळे, असं तिनं विचारलं. उत्तरादाखल त्यांनी तिला योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

ती गोष्ट अशी. येशू प्रवासात थकून एका विहिरीपाशी बसतो. भर दुपार आहे. शोमरोन प्रांतातली एक बाई घागर घेऊन येते. यहुदी लोक शोमरोनी लोकांच्या भांड्याला भांडं लावत नसत. येशू तिच्याजवळच पाणी मागतो. तिचे पाच नवरे झालेले, सध्या आहे तोही तिचा नवरा नाही, हे त्याला माहीत आहे. तरी तो तिच्याशी देवाधर्माच्या सगळ्यात खोल गोष्टी बोलतो. ईश्वराची भक्ती या डोंगरावर की त्या शहरात, हा वाद तो तिच्यापाशी उलगडतो.

मैत्रिणींनो, ही गोष्ट समजायला आपल्याला पंडित लागत नाही. आपल्या भागात उन्हाळ्यात पाण्याला कसं जावं लागतं ते आपण जाणतो. बायका जातात पहाटे किंवा ऊन उतरल्यावर, घोळक्यानं. भर दुपारी एकटीच जाते ती जिला घोळका नको असतो, किंवा घोळक्याला ती नको असते. पुस्तकात हे लिहिलेलं नाही, पण पाणी भरणारीला ते कळतं. रमाबाईंना त्या दिवशी काय दिसलं असेल ते मला इथे उमगतं. मोक्षाचा दरवाजा ज्या बाईला लावलेला, तिच्याशीच इथे कुणी विहिरीवर बसून मोक्षाचं बोलत होतं.

29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! पण गंमत अशी की तिकडे मठातल्या भगिनीही तिच्यावर नाराज होत. ही बाई चर्च सांगतं म्हणून काही मानायलाच तयार नसे. बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा, मी वाचते, मग बघू, असा तिचा खाक्या. शाकाहार सोडला नाही, पोशाख सोडला नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती जायचं तिला मान्य नव्हतं.

उघडं दार

1886 मध्ये ती अमेरिकेला गेली, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ पाहायला. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली, पैसा उभा केला. मार्च 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. इथे आलेली पहिली विधवा मुलगी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई कर्वे. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. मुलींना आपापली पूजा, सोवळं, तुळस, सगळ्याची मोकळीक होती.

रमाबाई स्वतः मात्र रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत. दार उघडं असे. मुलींना त्या मायेच्या, त्या जिथे असत तिथे मुली घुटमळत. हळूहळू काही जणी आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. मी माझ्या घरात दार लावून का बसू, असं त्यांचं म्हणणं होतं.

1893 मध्ये यावरून वणवा पेटला. केसरीतून टीकेची झोड उठली. सल्लागार मंडळातले न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक बाजूला झाले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पुढे त्यांतल्या काहींनी धर्म बदलला हे खरं आहे. ज्यांनी तटस्थ संस्था म्हणून मुली पाठवल्या त्यांना फसवल्यासारखं वाटलं, तेही समजतं. पण एक विचार मनातून जात नाही. घरी नेलेल्या त्या मुलींचं पुढे काय झालं असेल? त्यांना कुणी विचारलं होतं का की तुला तिथे बसून काय ऐकावंसं वाटतं?

आमच्या मायलाही कुणी विचारलं नव्हतं. निरोप तर मीच नेला होता.

केडगावचा छापखाना

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः उपासमार भोगलेली बाई, तिला राहवेना. अनाथ, विधवा अशा सुमारे तीनशे मुली त्यांनी तिकडून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, इतक्या मुली ठेवायच्या कुठे? पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी आधीच शेतजमीन घेऊन ठेवली होती. तिथे झाडाखाली, तंबूत संसार मांडला. तेच मुक्ती मिशन. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, शिवण, तेलघाणा, दूधदुभतं, सगळं बायकांच्या हातांनी. मनोरमेनं आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. केडगावला मात्र आडपडदा नव्हता, ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती.

इथे रमाबाईंना नवीनच अडचण आली. या मुली शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरच्या. मराठी बायबल होतं. नव्या कराराचं पहिलं मराठी भाषांतर 1811 सालीच श्रीरामपूरला छापलं होतं, बंगालातल्या, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नव्हे. पुढे त्यात सुधारणाही झाल्या. पण भाषा पंडिती, संस्कृत शब्दांनी भरलेली. मुली वाचायला शिकल्या तरी वाचलेलं कळेना. म्हणजे पुन्हा कुणीतरी अर्थ सांगणारा मध्ये आलाच!

पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाईंनी मग हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. मुळावरून, साध्या मराठीत, आख्खं बायबल आणायचं ठरवलं. जिला अठरा हजार श्लोक पाठ, जिच्या संस्कृतपुढे कलकत्त्याचे पंडित नमले, तिनं संस्कृत बाजूला ठेवून चुलीपाशी बोलतात तो शब्द शोधायला सुरुवात केली. हे काम वर्षानुवर्षं चाललं. खिळे जुळवायला, छपाईला, पुस्तकं बांधायला केडगावच्याच मुली होत्या. ज्यांच्यासाठी भाषांतर, त्यांच्याच हातांनी ते छापलं जात होतं.

जाणकार सांगतात की भाषांतर शब्दाला फार धरून आहे, म्हणून ठिकठिकाणी अवघडलेलं वाटतं. मंडळ्यांमधून पुढे प्रामुख्यानं बायबल सोसायटीचं भाषांतरच चाललं. ते खरंच आहे. तरी एका बाईनं एकटीनं, मूळ भाषांतून, अडाणी म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी आख्खं बायबल मराठीत आणलं, ही गोष्ट लहान होत नाही.

24 जुलै 1921 ला मनोरमा मिरजेला वारली. चाळिशीची, हाताशी आलेली एकुलती एक लेक. संस्था तिच्या भरवशावर सोडायची होती. काम मात्र थांबलं नाही. रमाबाईंनी शेवटची पानं पुरी केली आणि 5 एप्रिल 1922 ला, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्या गेल्या. आख्खं छापील बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. ते हातात घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

मायची चार दिवसांची गोष्ट

आमची माय नव्वदच्या दशकात साक्षरतेच्या वर्गाला जायला लागली. पन्नाशी गाठलेली, हातात पाटी घ्यायला लाजायची. पण शिकली. आधी बसची पाटी, मग देवाची पोथी. ओळीखाली बोट ठेवून वाचायची. एक पोथी होती तिला बायकांनी हात लावू नये असं आजी सांगायची. ती आजी गेल्यावरही तिनं कधी उघडली नाही. काही दारं आपणच लावून घेतो.

मी रमाबाईंचं चरित्र वाचल्यावर एकदा माहेरी गेले, तेव्हा मायला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की सिस्टरची ती विहिरीवरची गोष्ट अर्धीच राहिली होती, पुढे काय झालं ते मला आण. मी तालुक्याहून मराठी नवा करार आणून दिला. बेचाळीस ओव्यांसारखी वचनं आहेत ती. मायला चार दिवस लागले. रोज पहाटे ओसरीत बसून दहा-अकरा वाचायची. मी वाचून दाखवते म्हटलं तर नको म्हणाली.

शेवटच्या दिवशी तिनं मला एक गोष्ट दाखवली, जी माझ्या ध्यानात आली नव्हती. ती बाई गावात सांगायला धावते तेव्हा आपली घागर विहिरीवरच टाकून जाते. मायचं म्हणणं असं की इतकी तंगी, इतकं ऊन, आणि बाई घागर विसरली, म्हणजे तिला काय मिळालं असेल बघ. पाच वर्षं पाणी वाहिलेल्या बाईलाच हे सुचतं असंही ती म्हणाली, आणि हसली, कारण तिनं वाहिलं होतं चाळीस वर्षं.

मायचा देव्हारा होता तिथेच आहे. ती आधी जे करायची तेच करते, एकादशी करते, पोथी वाचते. तिला कुणी बाटवलं नाही. तिला एक गोष्ट पुरी वाचायची होती, ती वाचून झाली. सिस्टर आज कुठे असतील ठाऊक नाही. भेटल्या असत्या तर तेवढंच सांगितलं असतं, आणि दार लावायचा निरोप मी आणला होता त्याबद्दल माफीही मागितली असती.

त्यानंतर एक दिवस देव्हाऱ्यापाशी बसलेल्या मायनं आजीची ती बांधून ठेवलेली पोथी खाली काढली. कापड सोडलं, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली.